वाणाबरोबर वाटलेला कागद

कुणी विचारलं नाही तरी सल्ला द्यायचा, ही माझी जुनी खोड. ती वडिलांकडून आली. साताऱ्याला त्यांचं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक दोनशेपानी वही मागायला आलं तर 'तुला शंभरपानीच पुरेल' असं सांगून ते त्याच्या हातात शंभरपानी ठेवत. असा माणूस श्रीमंत होणार नव्हताच. पण दुकान बंद पडलं ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे. पलीकडच्या चौकात मोठं, काचेचं दुकान निघालं, आणि माझ्याच वर्गातल्या मैत्रिणी तिथून वह्या आणून मला त्यांची कव्हरं दाखवू लागल्या. मी तेव्हा आठवीत होते. त्या मैत्रिणींशी मी वर्षभर बोलले नाही, आणि त्यानं वडिलांची एकही वही जास्त खपली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे अल-खोबरला मी जे केलं त्याला तेवढंच एक कारण देता येतं. सबब म्हणून नाही सांगत. सबब माझ्याकडे नाही.

दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं आम्ही सौदीतल्या अल-खोबरला होतो. नवरा एका कंपनीत इंजिनियर, मुलगी इंडियन स्कूलमध्ये, आणि मी घरात. लग्नाआधी मी बँकेत होते, रोज दोनशे माणसांशी बोलायची सवय. तिथे दिवसभर बोलायला भिंती आणि टीव्ही. बायकांना गाडी चालवता यायची नाही, बस नव्हती, टॅक्सीत एकटीनं बसायला नवऱ्यानं मनाई केली होती. मग उरला काय, तर आमच्या पाच मजली इमारतीचा तळमजला, आणि तिथला बकाला. बकाला म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दोन फ्रीज, खुबूस नावाच्या रोट्यांचा रॅक, पाण्याच्या बाटल्या, टेलिफोन कार्डं, आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट.

दुकान चालवणारे भाई दाभोळच्या खाडीकाठचे. पन्नाशीचे, बारीक, दाढी मेंदीनं लाल केलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिंदीत कोथिंबीर मागितली. त्यांनी माझ्या गळ्यातली काळी पोत पाहिली आणि म्हणाले, "मराठीत बोला भाभी, बरा वाटेल." मला तेव्हा खरंच रडू आलं. बुरख्यासारख्या काळ्या अबायात घामेजून उभी होते मी, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन, आणि रडत होते. भाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच बिस्किटाचे पुडे नीट लावत बसले.

दुकानदाराची मुलगी म्हणून सांगते, त्या माणसाला धंदा कळत होता. कुठल्या घरात काय लागतं हे त्यांना पाठ असे. कडीपत्ता मंगळवारी यायचा, तर आमच्या घरची काडी ते बाजूला काढून ठेवत. संकष्टीच्या आदल्या दिवशी साबुदाणा पुढच्या फळीवर. स्वतः पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण आमची चतुर्थी कधी हे माझ्याआधी त्यांना ठाऊक. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मजल्यावरच्या सगल्या भाभी एकदम साबुदाना मागतात. मी दिवस मोजून ठेवतो." फोन केला की सामान स्वतः वर आणून देत. दाराच्या मुठीला पिशवी अडकवायची, घंटी वाजवायची, आणि चार पायऱ्या उतरून पाठ करून उभं राहायचं. घरात पुरुष नसताना दार उघडणाऱ्या बाईला संकोच नको. पैसे उंबऱ्याबाहेर ठेवायचे. मी त्या पाठीशीच गप्पा मारायचे.

त्या गप्पांत मला कळलं की भाईंना दोन मुली. थोरलीचं लग्न झालेलं. धाकटी रत्नागिरीला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. भाऊबंद नाकं मुरडत होते, भावकीतला एक जण तर मागणी घालून बसला होता, आणि भाईंनी त्या सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, मी कमावतोय तोवर ती शिकेल. "अजून तीन वर्सा काढायची भाभी," ते म्हणायचे. "पोरीचा शिकणा पुरा झाला का खलास. मी घरी."

तीन वर्षं. मागणं काही मोठं नव्हतं.

त्याच वर्षी समुद्राकडच्या रस्त्यावर ते प्रचंड दुकान उघडलं. दुकान म्हणावं की गाव, कळेना. आत सरकते जिने, मुलांना गाड्या, एका भिंतीएवढं नुसतं चीज. आणि त्यांनी फुकट बस सुरू केली. दुपारच्या नमाजानंतर बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, बायका-मुलांना भरून न्यायची आणि संध्याकाळच्या नमाजाआधी आणून सोडायची. दोन महिन्यांत भाईंच्या फळ्यांवर धूळ दिसू लागली. कोथिंबीर पिवळी पडू लागली. एके दिवशी मी कडीपत्ता मागितला तर म्हणाले, "आता मंगलवारी नाय मागवत. फेकून द्यावा लागतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भेटेल तिला झापायला सुरुवात केली. आपला माणूस खाली बसलाय, आणि तुम्ही बसमध्ये बसून परक्यांची तुंबडी भरायला जाता? जिन्यात, शाळेच्या दाराशी, फोनवर, जिथे सापडेल तिथे. बायका हो हो म्हणायच्या आणि दुपारी बसच्या रांगेत दिसायच्या.

तिसऱ्या मजल्यावर एक नागपूरकरीण राहायची. तिनंच मला स्पष्ट सुनावलं. "हे पाय, तुझा नवरा चारला घरी येते अन् तुले फिरवून आणते. माझा रात्री नऊला येते. मले दिवसभरात त्या बसचा एक तास भेटते. तिथं मी चार घास आइस्क्रीम खाते, लोकांचे तोंडं पाहते. तुझ्या भाईकडं काय हाय, दोन फ्रीज? बाप्पा, मी काही साबुदाण्यासाठी जगून नाही राहिली."

आणि खरं सांगायचं तर दर गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही स्वतः गाडी काढून तिथेच जात होतो. मुलगी म्हणायची, "आई, बकाला इज सो स्मेली," आणि मी तिला दटावायचे, पण ट्रॉली ढकलताना मलाही गार वाटायचं. परत आलो की पिशव्या मागच्या दारानं वर न्यायच्या, भाईंना दिसू नये म्हणून. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण स्वतःच्या ढोंगाची टोचणी लागली की माणूस दुसऱ्यांना जास्त जोरात उपदेश करतो. माझं तसंच झालं.

संक्रांत जवळ आली होती. तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्या घरी ठरलं होतं. पडदे ओढून, आवाज बेतानं ठेवून, पण चाळीस बायका तरी यायच्या. वाण काय लुटायचं याचा विचार करताना मला ती कल्पना सुचली, आणि सुचल्याबरोबर मी स्वतःवर इतकी खूश झाले की आज आठवलं तरी लाज वाटते. भाईंकडून कोकमाची चाळीस पाकिटं घ्यायची. आणि प्रत्येक पाकिटाबरोबर एक छापील कागद द्यायचा.

कागद मी इंग्रजीत लिहिला, कारण मंडळात येणाऱ्यांत दोन-चार गुजराती आणि मल्याळी शेजारणीही होत्या, शिवाय नवऱ्यांनीही वाचावा अशी इच्छा. मजकूर असा होता की, मोठ्या दुकानांना आपली गरज नाही, लहान दुकानांना आहे. आपल्या इमारतीखालचं दुकान आपल्या एका भारतीय बांधवाच्या मालकीचं आहे. सोळा वर्षं घाम गाळून त्यानं ते स्वतःच्या पैशानं उभं केलं आहे. आठवड्यातून दोनदा तरी तिथे खरेदी करा. खाली दुकानाचं नाव, इमारतीची खूण, फोन. 'मालक' हा शब्द मी ठळक केला होता. लोकांनी नोकराकडून नाही, मालकाकडून माल घ्यावा, यात एक मान आहे असं मला वाटलं. वडिलांच्या दुकानावर पाटी होती, तिच्यावरही 'मालक' लिहून पुढे त्यांचं नाव होतं.

छापायच्या आधी मी तो कागद खाली नेऊन भाईंना दाखवला. त्यांना इंग्रजी अडखळत वाचता यायचं. बोट ठेवून एकेक शब्द वाचत ते खाली आले आणि बोट थांबलं. दुकानात एक सौदी गिऱ्हाईक सिगारेट घ्यायला उभं होतं. त्याच्याकडे एकदा बघून भाई हळू आवाजात म्हणाले, "भाभी, मालक असा नका लिवू. दुकान माझा नाय."

मी हसले. कोकणी माणसाची ही रीत मला माहीत आहे असं मला वाटलं. स्वतःची बाग दाखवतानाही म्हणतील, कसली बाग, चार झाडं आहेत झालं. मी म्हटलं, "भाई, विनय पुरे झाला. लोकांना कळू द्या तुम्ही कोण आहात ते." ते काही बोलणार होते, पण गिऱ्हाईकानं सुट्टे मागितले आणि मी वर आले.

दोन दिवसांनी त्यांनी कोकमाची पाकिटं वर आणून दिली. नेहमीसारखे चार पायऱ्या उतरून पाठ करून उभे राहिले. पण या वेळी पैसे घेऊनही गेले नाहीत. भिंतीकडे तोंड ठेवून म्हणाले, "भाभी, ता कागद राहू द्या ना. कोकम वाटा, बस झाला."

"छापून झालेत भाई," मी दारातून म्हटलं. "आता काय लाजता?"

मग "बरा" म्हणाले आणि उतरून गेले.

हळदीकुंकू झकास झालं. तीळगूळ, अत्तर, आणि प्रत्येकीच्या ओटीत कोकम आणि कागद. मी एक छोटंसं भाषणही ठोकलं. नागपूरकरीणसुद्धा म्हणाली, बरोबर आहे हिचं. आणि खरंच, पुढचे आठ-दहा दिवस दुकानात बायका दिसू लागल्या. कुणी कोथिंबीर, कुणी दही, कुणी नुसतं टेलिफोन कार्ड. मी गॅलरीतून मोजायचे. नवऱ्याला रोज आकडा सांगायचे. तो म्हणायचा, वर्तमानपत्रात दे. मला ती थट्टाही गोड लागायची. वडिलांच्या दुकानासाठी मी जे करू शकले नव्हते ते इथे करून दाखवलं, असं माझ्या मनात होतं. ते दहा दिवस मी फार सुखात होते.

मग एका सकाळी मी दूध आणायला खाली गेले. दुकानात पाण्याच्या खोक्यांवर एक म्हातारे सौदी गृहस्थ बसले होते. ते भाईंचे कफील. तिकडे परदेशी माणसाला राहायचं तर त्याच्यामागे एक सौदी माणूस किंवा कंपनी जामीन म्हणून लागते, तो कफील. या बाबांना मी पूर्वीही पाहिलं होतं. महिन्यातून एकदा येत, चहा पीत, भाईंच्या पाठीवर थाप मारून जात. आज चहा नव्हता. शेजारी त्यांचा पुतण्या उभा होता, तिशीतला, गळ्यात माझ्या नवऱ्याच्या कंपनीसारखंच एक ओळखपत्र. त्याच्या हातात माझा कागद होता.

तो कागद त्याच्या हातात कसा गेला ते मागाहून कळलं. वाण घेऊन गेलेल्या एका बाईच्या नवऱ्याला माझी कल्पना फार आवडली. चांगल्या मनाचा माणूस. त्यानं तो कागद त्याच्या कंपनीच्या कँटीनमधल्या फळ्यावर लावला, जुन्या सोफ्यांच्या आणि गाड्यांच्या जाहिरातींशेजारी. तिथे हा पुतण्या जेवायला यायचा. दुकानाचं नाव त्याच्या ओळखीचं होतं, कारण ते दुकान त्याच्या चुलत्याचं होतं.

पुतण्या माझ्याकडे वळला आणि अगदी सभ्यपणे, चांगल्या इंग्रजीत त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे नेहमी येता. या दुकानाचा मालक कोण?"

मी भाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. गल्ल्याच्या लाकडावर दोन्ही हात टेकून ते त्या हातांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि ते मला दोनदा काय सांगत होते ते सगळं एकदम उमगलं. तरी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. हे बाबा मालक, तो कागद मी लिहिला, माझी चूक झाली, मला काही माहीत नव्हतं. न विचारता सल्ले देत फिरणारी मी, आणि मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी दुधाची बाटली घेतली, पैसे ठेवले आणि वर निघून आले.

संध्याकाळी नवऱ्यानं मला समजावून सांगितलं. परदेशी माणसाच्या नावानं तिथे दुकान असूच शकत नव्हतं. कागदोपत्री दुकान बाबांचं, फ्रीज बाबांचे, फळ्या बाबांच्या. पैसा आणि घाम भाईंचा. भाईंच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, 'गवंडी' लिहिलेलं होतं. सोळा वर्षं एक गवंडी साबुदाणा विकत होता. सगळ्या शहरात असंच चालायचं, सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलायचं नाही एवढीच अट होती. सरकारनं तेव्हा अशी दुकानं शोधून काढायचा धडाका लावला होता. परक्याला आपल्या नावावर धंदा करू देणारा सापडला तर दंड, तुरुंगही, आणि तो आधी कफीलाला. म्हातारे घाबरले होते. त्यांनाही दोष कसा द्यायचा? इंग्रजीत, ठळक अक्षरात, फोन नंबरसकट मी त्यांच्याविरुद्ध पुरावा छापला होता.

"तुला हे माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"सगळ्यांना माहीत असतं," तो म्हणाला. "तू कागद मला दाखवला असतास तर."

दाखवला नव्हता. तो थट्टा करेल म्हणून दाखवला नव्हता. आमचा कफील एक मोठी कंपनी. इकामा, व्हिसा, विमानाची तिकिटं सगळं कंपनीचा एक माणूस आणून द्यायचा, आम्ही सह्या करायचो. चार वर्षं मी त्या देशात राहिले आणि भाई कशाच्या आधारावर उभे आहेत हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांच्या मुलीचं कॉलेज विचारलं, खाडीतले मासे विचारले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि तेही उंटांच्याच देशात.

मी म्हटलं, मी त्या बाबांना पत्र लिहिते. नवरा म्हणाला, ते पत्र म्हणजे दुसरा पुरावा. मी म्हटलं, तू जाऊन भेट. तो म्हणाला, "कोण म्हणून? आपल्याला काय अधिकार? उद्या कंपनीनं विचारलं तर?" मी त्याला भित्रा म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. कँटीनच्या फळ्यावरचा कागद मात्र तो लावणाऱ्या गृहस्थानं दुसऱ्याच दिवशी काढून टाकला, आणि मला फोन करून सांगितलं की या भानगडीत त्याचं नाव येऊ नये.

बाबांनी भाईंना तीन आठवडे दिले. मग फायनल एक्झिट, म्हणजे पासपोर्टवर असा शिक्का की पुन्हा येण्याचा रस्ता बंद. भाई पाया पडायचे बाकी राहिले होते, असं शेजारच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं. म्हणाले, दुकान तुम्ही चालवा, मला नोकर म्हणून ठेवा, तीन वर्षं. पुतण्या म्हणाला, खलास. जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायचं त्यांनी ठरवलंही होतं. फ्रीज आणि फळ्या जागेवरच राहणार होत्या. आतला माल तेवढा भाईंनी विकून टाकावा, असं ठरलं.

आणि मग दुकानात गर्दी झाली. 'बकाला बंद होतोय, अर्ध्या भावात मिळतंय' ही बातमी माझ्या कागदापेक्षा कितीतरी वेगानं पसरली. ज्या बायकांच्या मी इतके महिने विनवण्या केल्या होत्या त्या सगळ्या आल्या. तांदळाची पोती, तेलाचे डबे, मसाले. त्या मधल्या वाटेत पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई अर्ध्या भावातही घासाघीस करत होती. नागपूरकरीण मात्र आली नाही. तिनं जिन्यात मला गाठून म्हटलं, "मी नाही गेली बाई. मले त्याच्या तोंडाकडं पाहवलं नसतं." मला तिचा फार राग आला होता एकेकाळी.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर शटर अर्धं वर झालं तेव्हा मी गेले. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. फळ्या रिकाम्या होत्या, भाई जमिनीवर बसून पुठ्ठ्याची खोकी घड्या घालून बांधत होते. मी काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते. पण तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, "भाई, तुम्ही मला स्पष्ट सांगायचं होतं ना."

त्यांनी दोरीची गाठ मारली. मग मान वर न करता म्हणाले, "सांगितला होता भाभी. दोनदा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं. ते पुढे म्हणाले, "तुमी चांगला करायला गेलात. मला ठावं आहे." आणि उठून दुसरं खोकं घ्यायला आत गेले. मी माफी मागितली, पण ते आत असताना, रिकाम्या दुकानात. त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे.

मोबाइलचं दुकान महिन्याभरात सुरू झालं. मंडळात कुणी तो विषय काढला नाही. उलट पुढच्या संक्रांतीला एकीनं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कागद नाही हं आत." सगळ्या हसल्या. मीही हसले. कडीपत्ता आणायचा तर आता त्या फुकट बसशिवाय इलाज नव्हता. मी बसमध्ये नागपूरकरणीशेजारी बसायला लागले. आइस्क्रीमसुद्धा खाल्लं. माणूस कशालाही सरावतो.

भाईंच्या गावच्या घरचा नंबर इस्त्रीवाल्याकडे होता. तो मी लगेच घेऊन ठेवला होता, पण फोन लावायला मला तीन वर्षं लागली. कधी वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत. कधी वाटायचं, काय तोंडानं बोलू. तोवर आमचीही परत यायची तयारी सुरू झाली होती, मुलगी बारावी होऊन पुण्याला माझ्या बहिणीकडे गेली होती. निघायच्या आधी एकदा विचारावं, तीन वर्षं झाली, पोरगी शिकून मोकळी झाली असेल, कुणी सांगावं, काहीतरी मार्ग निघाला असेल. खरं म्हणजे मला माझं ओझं उतरवायचं होतं.

फोन भाईंनीच उचलला. मी कोण ते सांगितलं. म्हणाले, "बोला भाभी. बऱ्या हायत ना?" तब्येती झाल्या, पाऊसपाणी झालं. सध्या काय करता म्हटलं तर म्हणाले, काय नाय, मोठ्या जावयाच्या होडीवर हिशोबाला बसतो.

मी विचारलं, "धाकटी?"

"तिचा निकाह लावला. गेलो त्याच सालात. ता मागणारा होता ना भावकीतला, त्यालाच दिली." मग म्हणाले, "पयल्या वर्साची परीक्षा मात्र तिनं दिली. पास झाली होती. आता मुलगा हाय तिला."

लाइनवर खरखर येत होती. तेव्हा बहुधा मला बरं वाटावं म्हणूनच त्यांनी विचारलं, "तुमची पोरगी मोठी झाली असेल. काय शिकते?"

तिला त्याच आठवड्यात पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. तिनं ते आपलं आपण ठरवलं होतं, भाई किंवा त्यांची मुलगी तिच्या मनातही नव्हती. मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाही भाई. बघू."

"शिकवा तिला," ते म्हणाले. "मधेच थांबवू नका."